उतरत्या खांद्याचं गिऱ्हाईक

शिंपी सगळ्यांची मापं घेतो, पण त्याला स्वतःचं माप घेता येत नाही. टेप धरायला हात वर केला की खांदा उचलला जातो, आकडा बघायला मान खाली घातली की पाठ वाकते, आणि मग शिवून होतो तो कपडा वाकून उभ्या असलेल्या माणसाचा होतो. म्हणून मी माझ्या मापाचा एक पुतळा करून घेतला होता. वहिनीने माझी मापं घेतली, मी पुतळ्यावर कापसाच्या पट्ट्या गुंडाळत गेले, आणि दुकानाच्या कोपऱ्यात बिनडोक्याची, बिनहाताची दुसरी मी उभी राहिली. वहिनी तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "वन्सं, ही बरी. बोलत तरी नाही."

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. मशीन ती चालवते, कापड मी बेतते. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. दाराला घंटी, एका भिंतीला धाग्यांची रिळं, गिऱ्हाइकासाठी एक वेताची खुर्ची, आणि मधोमध माझं कापायचं टेबल. टेबल रुंद आहे. पलीकडच्या कडेला हात पोचवायचा तर अख्खं अंग त्यावर टाकावं लागतं. सगळे मला मास्तर म्हणतात. बाईमाणसाला मास्तर कसं म्हणायचं, असा वाद कुणी घातला नाही, कारण माझ्याशी वाद घालण्यात कुणाला सुख नाही.

तर माझा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणकायचा, मग आवळत गेला, आणि शेवटी हात छातीच्या वर जाईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, सांधा गोठलाय. त्यांनी फिजिओवाल्या मुलीकडे पाठवलं. मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण आवाज शाळेतल्या बाईंचा.

"मास्तर, रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढायचं. जिथे थांबाल तिथे खूण करायची. दुसऱ्या दिवशी तिच्यापर्यंत, जमलं तर थोडं वर."

"आणि कंटाळा आला तर?"

"येणारच. मग चढू नका. फक्त भिंतीला एक बोट लावा. तेवढंच. पण रोज." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत्ता सुटला तर सुटेल. अजून रेंगाळलात तर हात आहे तिथेच राहील."

आहे तिथे म्हणजे टेबलाच्या अर्ध्यापर्यंत. म्हणजे माझी कात्री संपली. मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा वहिनीच करते, आणि माझ्या हातचं खाल्लेला माणूस त्याबद्दल तिचे आभारच मानतो.

घरी आले, शिलाईच्या निळ्या खडूने भिंतीवर रेघ मारली. छातीच्या जरा वर. कपाळाला घाम आला, पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर उभी राहिले आणि आठवलं की काजांचा दोरा संपलाय. तिसऱ्या दिवशी पाहुणे. चौथ्या दिवशी काहीच नव्हतं, तर वाटलं, आता दोन दिवस चुकलेच आहेत, तर नीट पुढच्या आठवड्यापासून सुरू करू. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. हात वळत नव्हता आणि मनही.

आणि इथेच मी ती चूक केली, जी शिंप्याशिवाय कुणी करू शकत नाही. दुसऱ्या कुणाचा खांदा धरला असता, तर त्याला रोज सकाळी कपडे घालताना तरी तो वर करावा लागला असता. शिव्या घालत का होईना, केला असता. मी काय केलं? माझे झगे डोक्यातून घालायचे होते, ते पुढून उसवून बटणं लावली. बाह्या आवळ वाटायला लागल्या तशा सैल केल्या. बाही जोडतात ती गोलाई, आमच्याकडे मुंढा म्हणतात तिला, ती खाली उतरवली. दुखरा हात नुसता आत सरकेल इतकी. काम इतकं सुबक झालं की मला माझंच कौतुक वाटलं.

वहिनी म्हणाली, "वन्सं, हात सुधारायचा का कपडे?"

"तुझं मशीन बघ," मी म्हटलं.

ती बाई त्याच आठवड्यात पहिल्यांदा आली. दुपारची वेळ होती. वहिनी जेवून आत लवंडली होती. मनाची तयारी करून मी भिंतीसमोर उभी राहिले होते, हात उचलणार, इतक्यात मागून आवाज आला, "कामात आहात का? असू द्या. मी बसते."

वळून बघितलं तर ती वेताच्या खुर्चीत बसलेली. घंटी वाजल्याचं मला काही ऐकू आलं नव्हतं. माझ्याच वयाची असेल. करडे केस, उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवला तो ठेवला. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा होता. पण मी गिऱ्हाईक चेहऱ्यावरून ओळखत नाही, खांद्यावरून ओळखते. हिचा उजवा खांदा चांगलाच उतरलेला होता, आणि असा खांदा माझ्याकडे शिवायला आलेला नव्हता.

"झगा हवाय. पुढून उघडा. हात वर करावा लागू नये."

मला बरंच वाटलं. म्हणजे माझ्यासारखं दुखणं असलेलं आणखी कुणीतरी आहे. टेप घ्यायला गेले तर ती म्हणाली, "माप कशाला? त्या पुतळ्याचं माप मला बसतं." आणि खरंच, बघताक्षणी बांधा तोच वाटला. मग ती भिंतीकडे बघून हसली. "व्यायाम चालला होता वाटतं? करा की. पण आज राहू द्या. आज थकलेल्या दिसता."

दिवसभर कुणी मला थकलेल्या दिसता असं म्हटलं नव्हतं. मी डाव्या हाताने कापड काढलं आणि व्यायाम राहिला.

त्यानंतर ती येत राहिली. वेळ ठरलेली नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं की ती वेळ. मी रिळं लावत असले, बटणं निवडत असले, की कुणी नाही. खडू उचलून भिंतीकडे वळले, की मागे खुर्चीतून वेत करकरायचा. तिचं कधी काही अडायचं नाही, घाई नसायची. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. फक्त दर वेळी तिला झग्यात थोडी आणखी सोय हवी असायची. आधी बटणांऐवजी बंद. मग बाह्या इतक्या रुंद की हात आत हलवायलाच नको. मग म्हणाली, "उजवी बाही कुशीला शिवूनच टाका ना. नाहीतरी तो हात वर जात नाही. उगाच लोंबतो."

मी शिवून टाकली. आता सांगताना अंगावर काटा येतो, तेव्हा काहीच वाटलं नाही. ती जाताना कपडे नेत नसे. "असू द्या इथेच," म्हणायची. मी ते पुतळ्याला चढवून ठेवायचे.

एकदा ती असताना वहिनी चहा घेऊन आली. मी वहिनीकडे बघितलं, परत खुर्चीकडे बघितलं, तर खुर्ची रिकामी. वहिनी त्यात टेकली आणि ताडकन उठली.

"अगंबाई, खुर्ची गरम कशी? कोण बसलं होतं?"

"गिऱ्हाईक होतं."

"कुठल्या दाराने गेलं? घंटी वाजली नाही, आणि पॅसेजमध्ये तर मीच होते." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि वन्सं, हे काय घातलंय?"

"गिऱ्हाइकाचा झगा आहे तो. पुतळ्यावर."

"पुतळा उघडा आहे. तुमच्या अंगावर काय आहे ते विचारतेय मी."

मी खाली बघितलं. बंदांचा झगा माझ्या अंगावर होता. उजवी बाही कुशीला शिवलेली, आणि तिच्या आत माझा हात. तो कधी घातला, कुणी घातला, मला आठवेना. सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? त्यात इतकं आरामाचं वाटत होतं की काढावासा वाटेना.

वहिनीने कात्री घेतली आणि बाही उसवली. मग भिंतीकडे बोट केलं. "आणि हे बघितलंत?"

माझ्या निळ्या रेघेखाली आणखी रेघा होत्या. एक जरा खाली, एक तिच्याही खाली, शेवटची कमरेजवळ. खडू माझाच. रेघ मारायची पद्धतही माझीच, टोकाला छोटा बाक काढायची. मी एकही मारल्याचं मला आठवत नव्हतं.

"वहिनी, ती बाई..." मी सुरुवात केली.

"कुठली बाई हो? मी आतून तुमचाच आवाज ऐकते रोज, 'राहू द्या, राहू द्या' करत. मला वाटलं स्वतःशीच कुरकुरताय."

त्या संध्याकाळी भाऊ माझ्यासमोर येऊन बसला. तो वाईट माणूस नाही. वाईट बोलायची वेळ आली की आधी घसा साफ करतो, तसा त्याने केला.

"ताई, बेतायला बाहेरचा कारागीर बघतो. तो त्याच्याकडे कापून आणेल, ही शिवेल. तू काउंटरवर बस. या टेबलाची मग अडगळच आहे. ते विकून टाकू, सोमवारी एक माणूस बघायला येतोय. तिथे तयार कपड्यांचा स्टँड लावू."

"कोण म्हणालं माझा हात संपला?"

"कुणी नाही म्हणालं. तू दाखव ना पोचतो ते."

मी टेबलाशी गेले. हात पुढे केला. बोटं निम्म्यातच थांबली, फळीवर पडून राहिली. भावाने बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्याने टोमणा मारला असता तर मी भांडले असते. त्या वळवलेल्या नजरेने मला रडू आलं.

सोमवार उजाडला. तो माणूस संध्याकाळी येणार होता. दुपारी मी पुतळा आतल्या खोलीत ठेवला, खुर्ची टेबलावर उलटी घातली आणि भिंतीसमोर उभी राहिले. मागे वेत करकरला.

खुर्ची सरळ होती, आणि ती तिच्यात होती. पुतळा तिच्या शेजारी.

"शेवटचा एक झगा शिवा," ती म्हणाली. आवाज इतका मायेचा की माझ्या डोळ्यांवर झापड आली. "बाह्यांची कटकटच नको. मुंढेही नकोत. पुढचा पल्ला, मागचा पल्ला, दोन्ही कुशी बंद. मी आत शिरेन, तुम्ही वरून खांदे शिवून टाका. मग काही करायलाच नको. ना भिंत, ना टेबल."

"गळा?"

"गळा तरी कशाला?"

आणि मी कापड पसरलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात एकदाही 'नाही' आलं नाही. डाव्या हाताने खडू धरून मी दोन पल्ले आखले. लांब, सरळ, कुठेही भोक नसलेले. कात्री उचलली. कात्रीचं तोंड कापडाला लागलं, आणि माझा हात थांबला. हा शहाणपणा नव्हता, हो. नुसती खोड होती. गिऱ्हाईक समोर असताना टेप न लावता मी आयुष्यात कापड कापलेलं नाही. हिचे मागचे सगळे झगे पुढून बटणं लावलेल्या माझ्याच झग्यावरून वाढवले होते. हा नवा होता.

"माप बघते," मी पुटपुटले.

"पुतळा आहे की."

मी पुतळ्याच्या खांद्यांवरून टेप फिरवली. दोन्ही खांदे एका रेषेत. असणारच, तो पुतळा माझा हात धडधाकट होता तेव्हाचा. मी तिच्याकडे बघितलं. उजवा खांदा बोटभर नव्हे, चांगला चार बोटं उतरलेला.

"पुतळ्याचं माप तुम्हाला बसणार नाही," मी म्हटलं.

"बसतं हो. राहू द्या आज."

"बसणार नाही म्हणते ना! खांदा खाली घसरेल, कुशीला चुण्या पडतील. माझ्या दुकानातून चुण्यांचा कपडा बाहेर जात नाही. उठा, उभ्या राहा."

माझ्या आवाजात धार आली, आणि डोळ्यांवरची झापड जराशी हटली. ती पहिल्यांदाच खुर्चीत हलली. मग उठली. उठताना खुर्ची वाजली नाही. भिंतीला पाठ लावून माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याइतकीच उंच.

"पण तुमचा हात कुठे वर जातोय?" ती हळूच म्हणाली.

जात नव्हता. छातीशी येऊन अडकला. खांद्यात कुणी सुरी फिरवावी तशी कळ आली, आणि वाटलं, खरंच राहू दे. मग फिजिओवाली मुलगी आठवली. चढू नका, एक बोट लावा. मी तिला म्हटलं, का स्वतःला म्हटलं कोण जाणे, "माप नाही घेत. फक्त बोट लावते." आणि टेपचं टोक धरलेलं बोट तिच्या छातीवर टेकवलं.

कापड लागायला हवं होतं. थंड, खरखरीत लागलं, चुन्यासारखं. त्या बोटाशेजारी दुसरं बोट टेकलं. मग पहिलं थोडं वर. बोटं दोनदा खाली घसरली. ती माझ्याकडे बघत होती, आणि इतक्या जवळून तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. हनुवटीवरचा डाग. भुवईतला पांढरा केस. सकाळी आरशात बघून उपटायचा राहिला होता, तोच. तोंड माझंच होतं, फक्त सगळ्याला कंटाळलेलं. एवढ्या जणींचे खांदे ओळखते मी, आणि माझा स्वतःचा ओळखला नाही. बाहेरून तो मला कधी दिसलाच नव्हता.

"दुखतंय ना?" तिने विचारलं.

"फार."

"मग?"

"माप अर्धंच झालंय."

बोटं तिच्या गळ्याशी पोचली. मग खांद्यावर. मी ओरडले असेन, कारण आतून वहिनीच्या चपला वाजल्या. तिने खोलीत पाऊल टाकलं तेव्हा माझ्या बोटांखाली नुसती भिंत होती. हात खांद्याच्या उंचीवर होता, टेप खाली लोंबत होती, आणि माझी पहिली निळी रेघ हाताच्या खाली होती.

"वन्सं," वहिनी म्हणाली. तिने टेबलावरचा खडू उचलला आणि माझ्या बोटांच्या टोकाशी स्वतः रेघ मारली. मग पदार्थ करपल्यासारखी खेकसली, "आता उतरवा हात हळू. मोडायचाय का?"

संध्याकाळी तो माणूस आला. त्याच्यासमोर मी टेबलावर पडून पलीकडची कड गाठायचा प्रयत्न केला. पोचले नाही, खोटं सांगणार नाही. टीचभर उरलं. पण आधी निम्मं उरत होतं. भावाने त्या टीचभर जागेकडे बघितलं, घसा साफ केला, आणि त्या माणसाला म्हणाला, "टेबल विकायचं नाहीये. तुम्हाला हेलपाटा पडला, चहा घ्या."

मला वाटलं होतं, आता ती येणार नाही. एकदा जिंकलं की संपलं, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडे वळले आणि मागे वेत करकरला. मला कालच्यापेक्षाही जास्त कंटाळा आला होता, आणि ती आधीसारखीच मायेने म्हणाली, "काल केलंत की. आज राहू द्या."

तेव्हा मला समजलं की ही जाणारी नाही. घर सोडून मी तरी कुठे जाणार? मग मी तिच्याशी भांडायचं सोडलं. उत्साहाची वाट बघायचंही सोडलं. तो आला नाही तरी ही येतेच ना, वक्तशीर? ती आली की टेप उचलायची, असं ठरवून टाकलं. ती बसली की मी उठते. "उभ्या राहा, माप राहिलंय." ती कुरकुरत भिंतीला टेकते, मी बोट लावते. काही दिवस एका बोटापलीकडे जात नाही. पण तिचा खांदा मात्र रोज किंचित वर असतो, म्हणजे मलाही तेवढं वर जावं लागतं. परवा ती माझ्याहून वीतभर उंच होती. पुतळ्याइतके सरळ खांदे झालेत तिचे. चेहऱ्याकडे मी हल्ली बघत नाही.

ते आखलेले दोन पल्ले मी फेकले नाहीत. त्यांना गळा कापला, मुंढे कापले, नेमक्या जागी. डोक्यातून घालायचा झगा झाला. तो घालताना दोन्ही हात वर करावे लागतात आणि रोज सकाळी माझ्या तोंडून एक शिवी जाते. वहिनी म्हणते, शिवी हल्ली लहान झालीय.

आज दुपारीही ती आली. घंटी वाजली नाही, खुर्ची वाजली. आज खरोखर अंग मोडून आलं होतं, पाठ दुखत होती, आणि तिला ते माझ्याआधी माहीत होतं.

"राहू द्या ना हो," ती म्हणाली.

"बरं," मी टेप गळ्यातून काढत म्हटलं. "उद्या राहू देऊ. आज उभ्या राहा."